ओझ्याचे दिवस, बाकीचे दिवस

टायरवाला मागच्या डाव्या चाकासमोर उकिडवा बसला आणि काही न विचारता त्याने तळहात टायरवरून आडवा फिरवला. आतून बाहेर, मग बाहेरून आत. मग दोन्ही कडांवर अंगठे ठेवून मधल्या पट्ट्याशी ताडून बघितलं. मधल्या खाचा अजून बऱ्यापैकी खोल होत्या. कडेच्या ठोकळ्यांची धार मात्र गेली होती, दोन्ही बाजूंची अगदी सारखी. पुढच्या चाकांशी जाऊन त्याने तेच केलं. तिथे तसं काही नव्हतं. हात पुसत उठला आणि म्हणाला, "मागे ट्रेलर लावता वाटतं. चांगला जड असणार." मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "टायर ओझ्याच्या दिवसांसाठी हवेत की बाकीच्या दिवसांसाठी?" दोन्हींसाठी, मी लगेच म्हणाले. त्याने मान हलवली. "मिळतील. पण एकीकडे थोडे कमी पडतील. कुठे कमी पडलेले चालतील ते घरी ठरवा आणि मग या."

मी नवे टायर न घेताच परत आले, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

आमची गाडी मोठी आहे. तीन ओळींची, चढताना पायरी लागते अशी. ती घेतली तेव्हा कारण एकच होतं, मागे कॅरावॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, लावता यावी. पण कॅरावॅन लागते सुट्ट्यांमध्ये. बाकी वर्षभर ही गाडी शाळेत जाते, दवाखान्यात जाते, बाजारात जाते आणि तिच्या आकाराची जागा शोधत पार्किंगमध्ये फिरते. मधल्या ओळीत खिडकीपाशी आई बसते. तिच्या पाठीचे मणके दबले आहेत. रस्त्याचा सांधा आला की तो आधी तिला कळतो, मग मला. मागे आरशात बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत असते, पण सीटच्या कडेला धरलेली बोटं पांढरी पडलेली दिसतात. म्हणजे एकाच गाडीत दोन गाड्या आहेत. एक महिनोन्महिने हलकी चालते आणि तिच्यात एक म्हातारी पाठ असते. दुसरी वर्षातून थोड्याच वेळा बाहेर पडते, पण बाहेर पडते तेव्हा मागे जवळजवळ तीन टन घेऊन, आणि तेव्हा तिच्यात आम्ही सगळेच असतो.

बाबा असते तर त्यांनी काय सांगितलं असतं, हा विचार टायरच्या बाबतीत मला टाळता येत नाही. लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी ते गाडीभोवती एक फेरी मारत. हातात लाकडी दांडकं असे, आणि प्रत्येक टायरवर ते एकच ठोका देत. नीट हवा असलेला टायर खणखणीत वाजतो, दांडकं हातात उसळून परत येतं. हवा उतरलेला टायर भद्द करतो. जगभरचे ट्रकवाले अजूनही असेच टायर वाजवून बघतात. मला तो आवाज फार आवडायचा. घरातलं सामान भरून झालेलं, आई दाराला कुलूप लावतेय, आणि बाबा वाकून कान देऊन ऐकतायत. लहानपणी वाटायचं की ते टायरला काहीतरी विचारतायत. मोठं झाल्यावर गेज घेऊन हवा मोजायला लागले आणि कळलं की ठोक्यावरून पार बसलेला टायर ओळखता येतो, पण थोडी कमी झालेली हवा नाही ओळखता येत. तरी गेज लावायच्या आधी मी बोटांच्या पेरांनी एकदा टायर वाजवतेच.

टायर बदलायचे म्हटलं की आपण नक्षी बघतो. किती खोल, किती आडदांड, चिखलात धरेल का, पावसात पाणी फेकेल का. दुकानात भिंतभर टायर लावलेले असतात तेही नक्षी समोर करून. त्या रबराच्या वासात उभं राहिलं की मलाही आधी खाचांमध्ये बोटं घालून बघावंसं वाटतं. पण ओझं ओढायचं असेल तर खरी गोष्ट टायरच्या बाजूला असते, त्या साध्या काळ्या भिंतीत, जिच्याकडे कुणी बघत नाही. वजन मुळात रबर उचलत नाहीच, हवा उचलते. रबर आणि आतले धागे फक्त त्या हवेला एका आकारात धरून ठेवतात. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, तेव्हा आत रबर लावलेल्या कापडाची नळी होती आणि बाहेर चामड्याचं आवरण. चाकं घोडागाडीची होती. ते तेव्हा चाललं नाही, लोक विसरले. १८८७-८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतःहून पुन्हा शोधली. मला यात विशेष वाटतं ते हे, की दोघांनाही हादरे कमी करायचे होते. हवेच्या चाकाची सुरुवातच बसणाऱ्याच्या अंगाची काळजी करण्यातून झाली आहे. टनावारी ओझं पेलायचं काम त्याच्याकडे नंतर आलं.

मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं त्यात ही भिंत आणखी मऊ झाली. जुन्या टायरमध्ये धागे तिरपे, एकमेकांवरून जाणारे असत. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे खालचा भाग ताठ राहतो आणि बाजू मोकळेपणाने वाकते. टायर जास्त टिकतो, गरम कमी होतो, गाडी मऊ चालते. आज आपण चालवतो त्या जवळजवळ सगळ्या गाड्या यावरच चालतात. पण बाजू वाकते म्हणजे ती आडवीही थोडी हलते. रिकाम्या गाडीत हे जाणवतसुद्धा नाही. मागे उंच, सपाट भिंतींची कॅरावॅन लावलेली असताना शेजारून एखादा मोठा ट्रक जातो, त्याच्या पुढची हवा आधी कॅरावॅनला बाहेर ढकलते आणि मग मागची हवा आत ओढते. तेव्हा त्या बाजूच्या भिंतीचं हलणं हिचमधून, म्हणजे कॅरावॅन जोडायच्या सांध्यातून, आणि सीटमधून थेट माझ्या कमरेपर्यंत येतं. गाडीची शेपटी कुणीतरी धरून हळूच डावीकडे, मग उजवीकडे ओढल्यासारखं. स्टेअरिंग घट्ट धरून काही होत नाही. ब्रेक दाबायचा नसतो. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा, हात स्थिर ठेवायचे आणि थांबायचं. ते दोन-तीन सेकंद फार लांब असतात.

दादाचं मत पहिल्यापासून ठरलेलं होतं. तो बोट ओढतो, त्याची गाडीही आमच्याएवढीच. फोनवर म्हणाला, "अगं, यात विचार कसला करतेस? एलटी घे, दहा प्लायचे, लोड रेंज ई. ऐंशी पीएसआयपर्यंत हवा खातात. भिंत अशी की लाथ मारलीस तर तुझाच पाय दुखेल." पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप. मी म्हटलं, आई? तो जरा थांबला आणि म्हणाला, "आई काय रोज थोडीच बसते गाडीत." पण ती जवळजवळ रोजच बसते, माझ्या गाडीत. हे दादाला माहीत नाही असं नाही. त्याला फोनवर ते दिसत नाही एवढंच.

मी टायरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला बसले. आमच्या गाडीचं माप २७५/५५ आर २०. रुंदी २७५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण दीडशे मिलिमीटर, आणि आतली रिम २० इंचांची. इथपर्यंत सगळे टायर सारखे. फरक त्यापुढच्या आकड्यात आहे. त्याच मापात साधा टायर ११३ चा मिळतो, एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोडचा ११७ चा, आणि एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठी केलेला, लोड रेंज ई असेल तर १२० चा. ११३ म्हणजे एका टायरवर ११५० किलो, ११७ म्हणजे १२८५, १२० म्हणजे १४००. मग एक गोष्ट कळली जी दुकानात कुणी सहसा सांगत नाही. प्रवासी कारसाठी केलेला टायर एसयूव्हीला किंवा पिकअपला लावला तर अमेरिकेच्या नियमात त्याची क्षमता १.१ ने भागून धरतात. ११५० चे मग १०४५ राहतात आणि १२८५ चे ११६८. एलटीला ही कात्री लागत नाही. दादाचे ते दहा प्लाय म्हणजे आत खरोखर दहा थर नसतात. जुन्या सुती धाग्यांच्या काळातल्या थरांच्या ताकदीशी केलेली ती बरोबरी आहे. लोड रेंज सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. आणखी एक: त्याच हवेला एलटी टायर साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो. त्याची ताकद त्या जास्त हवेतच आहे. एलटी लावून दाराच्या पट्टीवर गाडीच्या कंपनीने लिहिलेली ३५ पीएसआयची हवा भरली तर हाती काही लागत नाही, उलट थोडं जातंच. म्हणजे एलटी घ्यायचा तर हवा वाढवायची, आणि हवा वाढवली की रिकाम्या गाडीत आईची पाठ.

हे सगळं कागदावरचं. आपलं ओझं नक्की किती आणि ते कुठे पडतं हे माहीत असल्याशिवाय यातला एकही आकडा कामाचा नव्हता. कॅरावॅनच्या माहितीपत्रकात तिचं वजन असतं, पण ते कारखान्यातून निघालेल्या कॅरावॅनचं. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, मुलांच्या सायकली नसतात, नवऱ्याची हत्यारांची पेटी नसते. म्हणून एका सकाळी सगळं भरून, सगळ्यांना बसवून आम्ही ट्रकांच्या वजनकाट्यावर गेलो.

वजनकाट्यावर उभं राहणं हा विचित्र अनुभव आहे. पुढेमागे ट्रक, धुळीत डिझेलचा वास, आणि मधे आपलं अख्खं घर चाकांवर घेऊन आपण. आधी नुसती गाडी: पुढच्या आसावर १,४७० किलो, मागच्या आसावर १,३९०. मग कॅरावॅन लावून. पुढचा आकडा वाढेल असं मुलांना वाटत होतं, तो उतरला. पुढे १,३२०, मागे १,८८०, आणि कॅरावॅनच्या स्वतःच्या चाकांवर २,५६०. कॅरावॅनचा दांडा हिचच्या गोळ्यावर ३४० किलोंनी टेकला होता, म्हणजे तिच्या एकूण २,९०० किलोंच्या बारा टक्क्यांच्या आसपास. दहा ते पंधरा टक्के हवेत म्हणतात, तर ते बरोबर होतं. पण गोळा मागच्या चाकांच्या बराच मागे असतो. तिथे ३४० टेकवले की मागच्या आसावर ४९० पडतात, आणि वरचे दीडशे कुठून येतात तर पुढच्या चाकांवरून. ज्या चाकांनी गाडी वळवायची आणि जी ब्रेकचा मोठा भाग सांभाळतात, तीच हलकी होतात. ओढताना स्टेअरिंग जरा तरंगल्यासारखं का लागतं याचं उत्तर मला त्या काट्याच्या पावतीवर मिळालं. मग आम्ही वजन वाटणाऱ्या हिचच्या सळया, ज्या मागचं थोडं वजन पुढच्या चाकांवर परत ढकलतात, त्या ताणल्या आणि पुन्हा काट्यावर चढलो: पुढे १,३९०, मागे १,७८०, कॅरावॅनवर २,५९०. एकूण ओझं तेच. नवरा म्हणाला, "टायर बदलायच्या आधीच अर्धं काम झालं." मला ते अर्ध्याहून जास्त वाटलं.

मागच्या एका टायरवर सळया लावून ८९०, सळया नसताना ९४०. साध्या टायरची मर्यादा १०४५. म्हणजे चालतंय. कागदावर शंभर किलोंची मोकळीक आहे. कंपनीने जे टायर लावून गाडी दिली होती ते नियमात बसत होते आणि आम्ही भरत होतो ती हवाही दाराच्या पट्टीवरचीच होती. तरीही कडा घासल्या होत्या. टायरवाल्याने तळहाताने जे वाचलं ते हेच, की टायर ओझ्याखाली थोडा बसत होता, मधला भाग सैल पडत होता आणि वजन त्याच्या खांद्यांवर, म्हणजे कडांवर, जात होतं. उन्हाळ्यात, चढावर, तासन्‌तास. मर्यादेच्या आत राहून.

बसलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो. वाकून सरळ होताना रबर थोडी शक्ती स्वतःकडे ठेवतं आणि तिची उष्णता होते. उष्णता रबराला आणि तारांच्या पट्ट्याला जोडणाऱ्या थराला हळूहळू सैल करते. २००० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत काय झालं ते माझ्या पिढीतल्या गाड्यांचं वेड असलेल्या लोकांना आठवत असेल: फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोनचे टायर भर वेगात पट्टा सुटून फाटत होते आणि गाड्या उलटत होत्या. ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत बोलावले गेले. दोनशेहून जास्त माणसं गेली. दोन कंपन्या कितीतरी दिवस एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. त्या वादात हवेचा मुद्दा होताच, कारण फोर्डने २६ पीएसआय सांगितले होते आणि टायर कंपनी नंतर ३० म्हणू लागली. चार पीएसआय. गेजवर काटा जरासा हलतो तेवढे. कारणं अनेक होती, टायरच्या घडणीतलीही, पण कमी हवा, वेग, ऊन आणि भरलेली गाडी हे चौघे एकत्र आले की काय होतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि पुढे डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा तो पिवळा दिवा सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचा झाला.

त्या दिव्यावर माझा जीव आहे, पण विश्वास बेताचा आहे. त्या नियमाप्रमाणे तो सांगितलेल्या हवेच्या २५ टक्के खाली गेल्यावर लागायला हवा. ३५ ची हवा असेल तर २६ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. एकट्या गाडीला ते खपेल. मागे तीन टन असताना २८ ही मला फार भीतीदायक वाटते, आणि २८ ला दिवा काहीच बोलणार नाही. थंडी पडली की दर साडेपाच अंशांना एक पीएसआय उतरते, तेही हळूच. म्हणून निघायच्या सकाळी टायर थंड असताना गेज. याला मी पर्याय मानत नाही.

मधे एक दिवस दादा आला आणि आईला त्याच्या गाडीतून डोळे तपासायला घेऊन गेला. मीही बरोबर होते, मागे तिच्याशेजारी. दादाच्या गाडीला त्याचे लाडके लोड रेंज ईचे टायर, बोट नव्हती तरी हवा बोटीच्या दिवसाची. पुलावरचे सांधे आले. टक, टक, टक, ठराविक अंतराने, आणि प्रत्येक टकेला आईची हनुवटी किंचित वर उचलली जायची. ती काही म्हणाली नाही. दादा समोर बघून उत्साहाने सांगत होता की गाडी रुळावर असल्यासारखी चालते, वाऱ्याला हलत नाही, वळणावर झुकत नाही. आणि ते खरं होतं, ते मला मागे बसूनही कळत होतं. त्याच्या गाडीचा तो बांधेसूदपणा मला हवाच होता. पूल संपला तसा आईने माझ्या मांडीवर ठेवलेला हात उचलला. तिथे तिच्या बोटांचे वळ राहिले होते.

मी दादाला तेव्हा काही बोलले नाही. रात्री बोलले. तो गप्प बसला, मग म्हणाला, "हवा कमी करून आणायला हवी होती मी." आणि थोड्या वेळाने: "पण तू ते मऊ टायर लावून मुलांना घाटातून नेणार असशील तर तेही मला आवडणार नाही." दोघांनाही माणसांचीच काळजी होती, फक्त वेगवेगळ्या दिवसांच्या माणसांची. मला रडू येईल असं वाटलं, टायरवरून.

शेवटी मी एक्सएल घेतले. ११७ चे, वेगाचं अक्षर टी, म्हणजे १९० किलोमीटरपर्यंतचे. तेवढ्या वेगाने मी कधी जाणार नाही, पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो याबद्दलही काहीतरी सांगतं. नक्षी हायवेची, सलग पट्ट्यांची. मोठ्या सुट्या ठोकळ्यांची ऑल-टेरेन नक्षी दिसायला रुबाबदार असते आणि मला मनापासून आवडते, पण ते उंच ठोकळे स्वतःच आडवे लवतात, आणि मला शेपटी आणखी सैल नको होती. एक्सएलची पूर्ण ताकद ४१-४२ पीएसआयला मिळते. म्हणजे ओझ्याच्या दिवशी मागची हवा वाढवता येते, आणि बाकीच्या दिवशी दाराच्या पट्टीवर परत आणता येते. दोन टोकांच्या मधलं हे उत्तर आहे. ते सगळ्यांना लागू पडेल असं नाही. आमच्या काट्याच्या पावतीला ते लागू पडलं.

चारही बदलले. मागचे दोनच बदलता आले असते, पुढचे अजून चालले असते. पण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत नव्या-जुन्या टायरचा घेर वेगळा असला की मधल्या गिअरबॉक्सला तो फरक सतत सोसावा लागतो. आणि दोनच घ्यायचे असते तरी नवे मागेच लावले असते, अगदी गाडी फक्त पुढच्या चाकांनी ओढणारी असती तरी. ओल्या रस्त्यावर आधी मागचं चाक सुटलं तर गाडी फिरते, आणि मागे कॅरावॅन असताना तो विचारही नको. फिटिंगच्या आधी मी प्रत्येक टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गोदामात पडून राहिलेला टायर चकचकीत दिसतो, पण रबराचं वय नक्षीवर दिसत नाही. टायरवाल्याला मी काय वाचतेय ते कळलं आणि त्याने स्वतःच टॉर्च धरली. रिमवर टायर चढताना काठ बसल्याचे ते दोन मोठे आवाज झाले, नव्या रबराचा उग्र गोडसर वास पसरला, आणि त्याने व्हॉल्व्हही नवे टाकले.

पहिले काहीशे किलोमीटर कॅरावॅन लावायची नाही असं ठरवलं होतं. नवा टायर नुकताच साच्यातून आलेला असतो, पृष्ठभाग गुळगुळीत, खाचा पूर्ण खोल, त्यामुळे ठोकळे थोडे डुलतात. गाडी सुरुवातीला खरोखरच जरा बुळबुळीत लागली. मग आवाज बदलत गेला, स्टेअरिंग घट्ट झालं. चाकांचे नट पुन्हा आवळून घेतले. आई पहिल्या दिवशी बसली तेव्हा मी मुद्दाम काही विचारलं नाही. तिने अर्ध्या वाटेत पर्समधून चष्मा काढला आणि वाचायला लागली. चालत्या गाडीत तिला वाचताना मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

कॅरावॅन लावून निघालो तेव्हा मागच्या टायरांत ४१ भरली, पुढे दाराच्या पट्टीवरची. मोकळ्या पठारावर वारा आडवा होता आणि ट्रक एकामागून एक येत होते. शेपटी हलली. कमी हलली, आणि हलून लगेच जागेवर आली, पण हलली. दादाच्या गाडीत ती कदाचित हललीच नसती. मी नवऱ्याला ते सांगितलं, त्याला जाणवलंच नव्हतं. चालवणाऱ्याच्या आणि बसणाऱ्याच्या कमरा वेगळ्या असतात. थांब्यावर उतरून प्रत्येक टायरच्या भिंतीला हात लावून बघितला. सगळे सारखे कोमट. एखादाच जास्त तापला असता तर तिथे काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं.

परत आल्यावर दादाने फोनवर आकडे मागितले आणि मी सगळे दिले, शेपटीचं हलणंही. तो म्हणाला, "मी असतो तर ईच घेतले असते." मी म्हटलं, मला माहीत आहे. मग आम्ही बराच वेळ कॅरावॅनच्या टायरांवर बोललो, कारण तेही आता जुने होत आलेत आणि ते वेगळंच प्रकरण आहे. ट्रेलरचे टायर घासून संपत नाहीत, उभ्या उभ्या उन्हात म्हातारे होतात, आणि त्यांच्यावर निराळं काही लिहिलेलं नसेल तर अनेकांची वेगमर्यादा ताशी १०४ किलोमीटर धरायची असते, गाडी कितीही पळत असली तरी. दादा येत्या रविवारी येऊन त्यांच्यावरच्या तारखा बघणार आहे. पुढच्या वर्षी मुलांना आणखी एक सायकल हवी आहे आणि नवऱ्याला मोठी पाण्याची टाकी. ते सगळं चढवून आम्ही परत काट्यावर जाऊ, आणि मागच्या एका टायरवर हजारच्या वर आकडा आला तर मी एलटी लावेन, लोड रेंज डी मिळाले तर डी. आईसाठी तेव्हा सीटचं काय करता येईल ते मी आत्तापासून बघायला लागले आहे.